म्युनिक ते व्हेनिस: प्रवासाच्या दिवसाचे सांधे

युरोपातल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचा दिवस वेळापत्रकात सहा-सात तासांचा दिसतो आणि प्रत्यक्षात सकाळपासून रात्रीपर्यंत पुरतो. धावत्या गाडीत सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते सांध्यांवर: एक तिकीट संपून दुसरे सुरू होते तिथे, एक भाषा संपून दुसरी लागते तिथे, एकाच शहराच्या नावाची दोन स्थानके असतात तिथे. म्युनिक ते व्हेनिस हा मार्ग या सर्व सांध्यांचा चांगला नमुना आहे. त्यात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली हे तीन देश येतात, मध्ये आल्प्स पर्वत आडवा येतो आणि शेवटी पाण्यावरचे शहर लागते. प्रस्तुत लेखिकेने हा प्रवास सत्तरी ओलांडलेल्या सासू-सासऱ्यांना घेऊन केला. पुढे वर्णन केलेल्या बहुतेक चुका त्या एकाच दिवसात झाल्या.

गाडी म्युनिकहून निघते, रोझेनहाइम आणि कुफश्टाइन ओलांडून ऑस्ट्रियात इन्सब्रुकला येते आणि तिथून ब्रेनर खिंड चढते. खिंडीची उंची सुमारे 1,370 मीटर असून हा लोहमार्ग 1867 साली सुरू झाला. खिंडीपलीकडे इटलीतली बोल्झानो, ट्रेंटो आणि वेरोना ही स्थानके लागतात. ऑस्ट्रियातली वीज 15,000 व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाची, तर इटलीतल्या या मार्गावरची 3,000 व्होल्ट एकदिश प्रवाहाची असल्यामुळे सीमेवर इंजिन बदलावे लागते, नाहीतर दोन्ही पद्धतींवर चालणारे इंजिन आधीपासून जोडावे लागते. मार्ग चढणीचा आहे आणि त्यावर मालगाड्यांचीही दाटी असते. खिंडीखालून 55 किलोमीटरचा बोगदा खणला जात आहे, पण तो पुरा होईपर्यंत याच जुन्या मार्गाची दुरुस्ती करत राहावी लागते आणि त्या काळात मधल्या टप्प्यासाठी कधीकधी बस दिली जाते. प्रवासाआधी दोन-तीन दिवस वेळापत्रक पुन्हा पाहावे, ते यासाठी. थेट गाडीला सुमारे साडेसहा ते सात तास लागतात. अशा मार्गावर अर्धा-पाऊण तास उशीर होणे नेहमीच्या गोष्टींत मोडते आणि आखणी करताना तो धरूनच चालावे.

सर्वांत महागात पडतो तो तिकिटांचा सांधा. थेट गाड्या दिवसात मोजक्याच असतात आणि त्यांची स्वस्त तिकिटे लवकर संपतात. मग प्रवासी दोन तुकड्यांत तिकीट काढतो: म्युनिक ते वेरोना एक, आणि वेरोना ते व्हेनिस वेगळ्या संकेतस्थळावरून दुसरे. लेखिकेनेही तेच केले. दोन गाड्यांमध्ये पस्तीस मिनिटे होती आणि कागदावर ती भरपूर वाटली. पहिली गाडी रोझेनहाइमजवळ थांबून राहिली, ब्रेनरला आणखी थांबली आणि वेरोनाला पंचावन्न मिनिटे उशिरा पोचली. पुढची वेगवान गाडी निघून गेली होती. ते तिकीट सवलतीचे असल्याने त्याच गाडीपुरते वैध होते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ते बदलून देण्यास नकार दिला आणि नियमाप्रमाणे तो बरोबरच होता. तिघांची तिकिटे वाया गेली, नवी काढावी लागली. दुःख पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे झाले: दोन थकलेली माणसे सामान धरून फलाटावर पाऊण तास उभी राहिली, आणि आखणी करताना त्यांचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा होता.

या ठिकाणी कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेण्यासारखे आहे. युरोपीय संघाचा रेल्वे प्रवाशांच्या हक्कांविषयीचा नियम, क्रमांक 2021/782, जून 2023 पासून लागू आहे. गंतव्यस्थानी 60 ते 119 मिनिटे उशीर झाला तर भाड्याच्या 25 टक्के आणि 120 मिनिटे किंवा अधिक झाला तर 50 टक्के भरपाई मागता येते. साठ मिनिटे किंवा अधिक उशीर होणार हे दिसू लागले की प्रवास सोडून पैसे परत घेणे किंवा दुसऱ्या मार्गाने पुढे जाणे, यांपैकी एक निवडण्याचा हक्क मिळतो. अतितीव्र हवामानासारख्या कारणांना भरपाईतून सूट आहे. रेल्वेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या संपाला मात्र नाही. आता वरच्या प्रसंगाला हा नियम लावून पाहावा. व्हेनिसला पोचायला जवळजवळ दीड तास उशीर झाला, पण तिकिटे वेगळी असल्याने कायद्याच्या दृष्टीने प्रवास वेरोनालाच संपला होता आणि तिथला उशीर पंचावन्न मिनिटांचा होता. हाती काहीच आले नाही. तेच म्युनिक ते व्हेनिस असे एकच सलग तिकीट असते, तर पुढच्या गाडीत बसवण्याची जबाबदारी रेल्वेची झाली असती आणि पंचवीस टक्के भरपाईही मागता आली असती. सलग तिकीट थोडे महाग दिसते, परंतु त्या जादा पैशांत ही हमी येते.

सलग तिकीट मिळतच नसेल तर मध्ये किमान दीड तास ठेवावा, आणि पुढची गाडी त्या दिवसाची शेवटची नसावी. काही रेल्वे कंपन्यांमध्ये आपसांत असा करार आहे की, आंतरराष्ट्रीय प्रवासात आधीच्या गाडीच्या उशिरामुळे जोडगाडी चुकली तर पुढच्या गाडीत बसू द्यावे. तो सर्वत्र चालत नाही, आणि चालतो तिथेही उशिराचा पुरावा लागतो. म्हणून गाडी उशिरा चालली आहे हे कळताच, स्थानक येण्याची वाट न पाहता, गाडीतल्या तिकीट तपासनिसाकडून तिकिटावर तशी नोंद करून घ्यावी. उतरल्यावर ती मिळवणे अवघड जाते.

म्युनिकच्या मुख्य स्थानकाची रचनाही वेळ खाते. मुख्य दालनातले फलाट 11 ते 26 असे असून, 5 ते 10 आणि 27 ते 36 हे फलाट दोन बाजूंच्या उपस्थानकांत, बरेच चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. स्थानकाच्या पुनर्बांधणीचे काम वर्षानुवर्षे चालू असल्याने वाटाही बदलत राहतात. ‘ग्लाइस’ म्हणजे फलाट, ‘फेअरश्पेटुंग’ म्हणजे उशीर, ‘फेल्ट आउस’ म्हणजे गाडी रद्द; एवढे तीन शब्द ओळखता आले तरी फलकाकडे पाहून जीव कासावीस होत नाही. इटलीत हेच ‘बिनारिओ’, ‘रितार्दो’ आणि ‘कांचेल्लातो’. छापील वेळापत्रके दोन्ही देशांत लावलेली असतात आणि दोन्हीकडे सुटणाऱ्या गाड्यांचा कागद पिवळा, येणाऱ्या गाड्यांचा पांढरा असतो. घाईत पांढऱ्या कागदावर आपली गाडी शोधत बसणारे प्रवासी नेहमी दिसतात.

भारतीय रेल्वेची सवय झालेल्या माणसाची एक समजूत इथे फसते. आपल्याकडे लांब पल्ल्याचे आरक्षित तिकीट म्हणजे डबा आणि बर्थ ठरलेला. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांत तिकीट वेगळे आणि आसनाचे आरक्षण वेगळे. तिकीट गाडीत चढण्याचा हक्क देते, बसण्याचा नव्हे. उन्हाळ्यातल्या शनिवारी इन्सब्रुकपर्यंत उभ्याने जावे लागू शकते. वयस्कर माणसे बरोबर असतील तर आरक्षणाचे जादा युरो वाचवण्याचा विचारही करू नये. आरक्षण केल्यावर डब्याचा क्रमांक आणि फलाटावरची अ, ब, क अशी अक्षरी विभागणी जुळवून आधीच योग्य जागी उभे राहावे. गाडी उलट्या रचनेत आल्याची सूचना ऐन वेळी लागते, तेव्हा दोनशे मीटर पळण्यापेक्षा जवळच्या दारातून चढून आतून चालत जावे. सामान डब्याच्या टोकाच्या फळ्यांवर ठेवावे लागते आणि आपल्या जागेवरून ते दिसतेच असे नाही. पासपोर्ट, औषधे आणि पैसे त्यात मुळीच ठेवू नयेत.

पासपोर्टचा मुद्दा शेंगेनच्या नावाखाली विसरला जातो. शेंगेन क्षेत्रात आज 29 देश आहेत आणि त्यांच्या आपसांतल्या सीमांवर कायमची तपासणी नाही, परंतु तात्पुरती तपासणी करण्याची मुभा प्रत्येक देशाला आहे. जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर ती 2015 मध्ये सुरू केली आणि सप्टेंबर 2024 पासून आपल्या सर्व भूसीमांवर लागू केली. म्हणून व्हेनिसहून म्युनिककडे परतताना पोलीस डब्यात येऊ शकतात. त्यांना मूळ पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो, मोबाइलमधले छायाचित्र चालत नाही. याहून मोठी चूक एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर होते. सहलीच्या मध्ये कोणी लंडनला किंवा सर्बियाला जाऊन आला, तर तो शेंगेनमधून बाहेर पडला असे मानले जाते आणि परतीचे दार बंद होते.

वेरोनाला गाडी चुकल्यावर उरते ती प्रादेशिक गाडी. ती स्वस्त असते, तिला विशिष्ट वेळेचे बंधन कमी असते आणि व्हेनिसपर्यंतच्या सुमारे 115 किलोमीटरना ती साधारण दीड तास घेते. पण तिचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसलेले तिकीट विनातिकीटासारखेच धरले जाऊन दंड होतो आणि परदेशी असल्याची सबब ऐकली जात नाही. लेखिकेच्या हातात कोरी तिकिटे पाहून एका अनोळखी बाईंनी यंत्राकडे बोट दाखवले, म्हणून तो दंड टळला. मोबाइलवर काढलेल्या प्रादेशिक तिकिटाचेही प्रवासाआधी चेक-इन करावे लागते. त्यासाठी इंटरनेट हवे, हे ध्यानात ठेवावे.

इटलीतले संप हा वेगळा विषय आहे, पण या दिवसावर त्याची छाया पडू शकते. तिथे 1990 च्या कायद्यानुसार अत्यावश्यक सेवांतले संप आधी जाहीर करावे लागतात आणि परिवहन मंत्रालय त्यांची यादी प्रसिद्ध करते. ‘शोपेरो’ हा शब्द आणि आपली तारीख एकत्र शोधली तर दोन मिनिटांत उत्तर मिळते. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू राहते. 15 ऑगस्ट आपल्याप्रमाणे इटलीतही सुट्टीचा दिवस असतो, तिथे अर्थात वेगळ्या कारणाने, आणि त्या आठवड्यात गाड्या तुडुंब भरतात.

व्हेनिस जवळ आले की नावाचा सांधा समोर येतो. आधी ‘वेनेत्सिया मेस्त्रे’ हे स्थानक लागते. नावात व्हेनिस असले तरी हा मुख्य भूमीवरचा भाग आहे. कालवे, होड्या यांतले काही तिथे नाही. ‘वेनेत्सिया सांता लुचिया’ हे बेटावरचे शेवटचे स्थानक, खाडीवरचा लांब पूल ओलांडल्यावर येते. लेखिका कुटुंबासह मेस्त्रेला उतरली आणि सामान घेऊन जिन्याने खाली आल्यावर चूक कळली. दोन स्थानकांमधले अंतर गाडीने दहा-बारा मिनिटांचेच आहे आणि गाड्याही वारंवार असतात. तरी दिवसभराच्या थकव्यावर ते जिने पुन्हा चढणे सासऱ्यांच्या गुडघ्यांना फार जड गेले. हॉटेलचा पत्ता दोनपैकी कुठल्या भागातला आहे हे तिकीट काढण्याआधी पाहायचे असते, कारण मेस्त्रेतले हॉटेल स्वस्त असते आणि नावापुढे व्हेनिसच लिहिलेले असते. परतीच्या वाटेवरही नावाचा असाच घोळ होतो: इटालियन भाषेत म्युनिकला ‘मोनाको’ म्हणतात, आणि फलकावर ते नाव पाहून भूमध्य समुद्रकाठच्या मोनाकोची गाडी समजून प्रवासी मागे सरतात. बोल्झानोच्या परिसरात तर प्रत्येक स्थानकाची इटालियन आणि जर्मन अशी दोन नावे असतात: बोल्झानो म्हणजेच बोत्सेन.

सांता लुचियाच्या पायऱ्या उतरताच समोर मोठा कालवा दिसतो आणि रेल्वेचा प्रवास संपला तरी दिवस संपलेला नसतो. शहरात मोटारगाडी येत नाही, पूल चारशेहून अधिक आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. नकाशावर सहाशे मीटर दिसणारे हॉटेल मोठ्या बॅगांसह अर्ध्या तासावर जाते. मार्गात किती पूल येतात हे हॉटेलला आधी विचारावे आणि ‘वापोरेत्तो’ म्हणजे जलबसचा कुठला थांबा जवळचा, हेही. जलबसचे 75 मिनिटांचे तिकीट सुमारे साडेनऊ युरोला मिळते. थांब्यावर दोन्ही दिशांच्या बोटी लागतात, त्यामुळे क्रमांकाबरोबर दिशाही विचारूनच चढावे. शहराने 2024 पासून वर्षातल्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांसाठी प्रवेशशुल्क लावले आहे. मुक्कामाला येणाऱ्यांना ते द्यावे लागत नाही, पण सूट असल्याची नोंदणी करून घ्यावी लागते.

इतका त्रास पाहून विमानाचा मोह होतो. तिथेही नावाचाच सांधा आहे. स्वस्त विमाने ‘म्युनिक’ म्हणून जिथून उडतात ते मेमिंगन विमानतळ म्युनिकपासून शंभरहून अधिक किलोमीटरवर आहे आणि ‘व्हेनिस’ म्हणून जिथे उतरतात ते त्रेव्हिझो व्हेनिसपासून सुमारे तीस किलोमीटर दूर आहे. विमानतळापर्यंतच्या दोन बस, सामानाचे वेगळे शुल्क आणि दोन तास आधी पोचणे धरले तर तासाभराच्या उड्डाणाचा दिवस रेल्वेइतकाच होतो. भरपाईचा नियम मात्र विमानाला जास्त अनुकूल आहे: 1,500 किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला विमान कंपनीच्या दोषाने तीन तास किंवा अधिक उशीर झाला तर तिकीट कितीही स्वस्त असले तरी प्रत्येकी 250 युरो मागता येतात. रेल्वेच्या भरपाईचा अर्ज मात्र तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. तो भारतात परतल्यावर ऑनलाइनही करता येतो, त्यासाठी तिकिटाची प्रत आणि तपासनिसाने केलेली उशिराची नोंद जपून ठेवावी.