जुन्या मालमोटारीच्या इंजिनाचें रंगकाम

शेतमाल बाजारपेठेस पोंचविण्याच्या कामीं मालमोटारीचा किती उपयोग होतो, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. १९५४ सालापासून टाटा व डाइम्लर-बेंझ ह्यांच्या सहकार्यानें जमशेदपुरास मालमोटारी तयार होऊं लागल्या. त्या काळच्या ज्या गाड्या आज जपून ठेवलेल्या आढळतात, त्यांचीं इंजिनें जाड बिडाचीं असून नीट निगा राखल्यास अद्यापि काम देण्याजोगीं असतात. मात्र अशा इंजिनाच्या रंगाकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. रंग म्हणजे केवळ शोभा, अशा समजुतीनें किटणावरच रंगाचा हात मारला जातो आणि पहिल्याच पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटूं लागतात. ह्यासाठीं ह्या कामाचा क्रम व त्यामागील कारणें प्रस्तुत लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. विहिरीवरील तेल-इंजिन असो कीं जुना ट्रॅक्टर असो, हीच पद्धत त्यांसही लागू पडते.

रंग कशासाठीं?

बीड उघडें राहिल्यास हवेंतील ओलावा व प्राणवायु ह्यांच्या योगानें गंजतें. रंगाचा थर ह्या दोहोंस धातूपासून दूर ठेवतो. दुसरा उपयोग ह्याहून मोठा आहे. स्वच्छ रंगावर तेलाचा ओघळ, पाण्याचा झिरपा किंवा बारीक चीर तत्काळ दिसून येते. किटणाखालीं दडलेली डिझेलची गळती तापलेल्या धुराच्या नळीपर्यंत पोंचली तर आग लागून गाडीबरोबर चालकाचे प्राणही धोक्यांत येतात. तेव्हां ह्या कामाचा आरंभ रंगाच्या डब्यानें नव्हे, तर तपासणीनें करावा.

(१) तपासणी

इंजिन धुण्यापूर्वीं ओल कोठून येते हें पाहून लिहून ठेवावें, कारण धुतल्यावर त्या खुणा नाहींशा होतात. गळके सांधे, जीर्ण पॅकिंगें व चिरलेल्या रबरी नळ्या ह्यांची दुरुस्ती आधीं व्हावी. गळत्या जागेवर कोणताही रंग टिकत नाहीं. मूळ रंग कोणता होता हें जाणण्याची इच्छा असल्यास नांवाच्या पट्टीखालीं किंवा एखाद्या कंसाच्या मागें पाहावें. ऊन व तेल न लागल्यामुळें तेथें तो पुष्कळदां जसाच्या तसा सांपडतो.

(२) धुणें

प्रथम बॅटरीच्या तारा सोडाव्या. हवा आंत घेण्याचें तोंड, धुराचें तोंड, ब्रीदर आणि सोडलेल्या डिझेल-नळ्यांचीं तोंडें हीं सर्व चिंध्यांचे बोळे व प्लॅस्टिक ह्यांनीं घट्ट बंद करावीं. बोळे मोजून ठेवावे, म्हणजे एखादा आंत राहण्याची भीति उरत नाहीं. जाड किटण पात्यानें खरवडून काढावें व उरलेलें रॉकेल आणि ब्रश ह्यांनीं सोडवावें. पेट्रोल कदापि वापरूं नये. त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेंही पेट घेते. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला खातो, म्हणून त्या धातूच्या भागांजवळ तो नेऊं नये.

रॉकेल स्वतःच तेलकट असल्यामुळें त्याचा अंश मागें राहतो. तो साबणाच्या गरम पाण्यानें धुवून काढून इंजिन पूर्ण वाळवावें. धातू खरोखर स्वच्छ झाली कीं नाहीं हें पाहण्यास थोडें पाणी शिंपडावें. पाणी सलग पसरलें तर काम झालें. त्याचे मणी बनले तर तेल अजून शिल्लक आहे. शिवाय बीड सच्छिद्र असून वर्षानुवर्षांचें तेल त्यांत मुरलेलें असतें. इंजिन उन्हांत कोमट होऊं दिल्यास हें तेल वर येतें; तें थिनर लावलेल्या स्वच्छ फडक्यानें पुसावें. फडकें मळेनासें होईपर्यंत हें करीत राहावें.

(३) गंज व जुना रंग

सुटा रंग व गंज तारेच्या ब्रशानें आणि कांचकागदानें काढावा. जो जुना रंग घट्ट आहे तो समूळ काढण्याची गरज नाहीं. त्याची चकाकी मोडून कांठ उतरते करावे. जोडलेल्या इंजिनावर वाळूचा मारा करूं नये. एखादा कण आंत गेला तर बेअरिंगें खराब होतात. येथें आरोग्याचीही गोष्ट आहे. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक असूं नये, हा नियम भारतांत २०१७ साली अंमलांत आला. जुन्या यंत्रांवरील रंग त्याच्या फार पूर्वींचा. म्हणून तो कोरडा घांसूं नये किंवा ज्योतीनें जाळूं नये. ओला करून घांसावा, तोंडावर योग्य मुखपट्टी असावी, मुलांना दूर ठेवावें आणि खरवडलेला चुरा शेतांत किंवा पाण्याजवळ टाकूं नये.

(४) झांकणें

नांवाची पट्टी, रबरी नळ्या, पंख्याचा पट्टा, तेल मोजण्याची पट्टी, विजेचे सांधे व यंत्रावर घांसलेले गुळगुळीत पृष्ठभाग हे कागदी चिकटपट्टीनें झांकावे. जमिनीची तार जेथें बसते ती जागा उघड्या धातूचीच राहिली पाहिजे. मध्यें रंग आल्यास वीज नीट वाहत नाहीं.

(५) अस्तर

साफ केलेल्या बिडावर दमट हवेंत कांहीं तासांतच नवा गंज धरतो. ह्याकरितां अस्तर त्याच दिवशीं लावावें. रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेटचें अस्तर बिडास चालतें. अॅल्युमिनियमच्या भागांस एच प्रायमर लागतो. एका जाड हातापेक्षां दोन पातळ हात केव्हांही चांगले.

(६) रंग

निरनिराळ्या भागांची उष्णता सारखी नसते, हें ध्यानांत ठेवावें. पाण्यानें थंड राहणारा ठोकळा साधारणतः १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहतो. त्यास इंजिनासाठीं म्हणून मिळणारें एनॅमल पुरतें. धुराची नळी मात्र कित्येक शतांश तापते. तिच्यावर साधा रंग जळून जातो. तेथें ६०० अंशांपर्यंत टिकणारा सिलिकोनयुक्त रंग, डब्यावर निराळें सांगितलें नसल्यास अस्तराविना, उघड्या धातूवर पातळ लावावा. दोन भाग मिसळून करावयाच्या पॉलियुरेथेन रंगांत आयसोसायनेट असतें. त्याचा फवारा बाहेरील शुद्ध हवेच्या मुखवट्याशिवाय घातक आहे. म्हणून गांवच्या शेडांत तो न वापरणें शहाणपणाचें.

पाऊस, दंव व धुळीचा वारा हे रंगाचे शत्रु होत. सकाळचें दंव उडाल्यावर आणि वारा सुटण्यापूर्वीं काम उरकावें. हात लावल्यास धातू ओलसर वाटली तर थांबावें.

(७) वाळणें व पुढील निगा

दोन हातांमधील अंतर डब्यावरील सूचनेप्रमाणें ठेवावें. रंग वरून सुकला तरी आंतून पक्का होण्यास वेळ लागतो, म्हणून शक्य तर आठवडाभर इंजिन सुरू करूं नये. सुरू करण्यापूर्वीं सर्व बोळे मोजून काढावे. प्रथम थोडा वेळ चालवून निवूं द्यावें, मग हळूहळू वेळ वाढवावा. आरंभीं धुराच्या नळीचा किंचित् वास येतो, त्याची भीति बाळगूं नये. पुढें सांडलेलें डिझेल त्याच वेळीं पुसावें आणि टवका उडाला तर गंज धरण्यापूर्वीं तेवढ्याच जागेस अस्तर व रंग लावावा.

ह्या सर्व कामांत ब्रश हातीं धरण्याचा वेळ थोडा आणि खरवडण्या-पुसण्याचा फार, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. मशागतीवांचून पेरलेल्या बियाण्याची जी गत होते, तीच तयारीवांचून लावलेल्या रंगाची होते. आमच्या सभासदांनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं आपल्या गाडीचें वा पंपाचें इंजिन एकदां धुवून तपासावें, अशी आमची त्यांस सूचना आहे. रंग पुढें लागेल तेव्हां लागो. दडलेली गळती तरी वेळेवर हातीं लागेल.