मुक्या सोबत्याचा निरोप



घरचा म्हातारा कुत्रा शेवटच्या घटका मोजू लागला की कुणीतरी विचारते, "फादर, इंजेक्शन देऊन त्याला शांत केले तर पाप लागेल का?"

माणसाला दयामरण देणे ख्रिस्तसभा निषिद्ध मानते (धर्मशिक्षण ग्रंथ, 2277). प्राण्याबाबत तशी बंदी नाही. त्याला विनाकारण यातना देणे किंवा मारणे मात्र माणसाला शोभत नाही (2418). म्हणून यातना आवरेनाशा झाल्यास पशुवैद्यांना घरी बोलवा. आधी गुंगीचे औषध द्यायला सांगा. त्याच्या नेहमीच्या गोधडीवर त्याला निजवा, शेवटपर्यंत अंगावरून हात फिरवा.

मुलांपासून काही लपवू नका. त्यांना रडू द्या. "तो देवाकडे जाईल का?" असे त्यांनी विचारले, तर सांगा: अनंतकाळच्या जीवनात प्रत्येक जीवाला स्थान असेल, असे पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात (243) लिहिले आहे.

मग त्या सोबतीबद्दल सर्वांनी मिळून देवाचे आभार माना.