आप्पांच्या फियाटला हात लावण्यापूर्वी

चि. बाळास,


तू पाठवलेले गाडीचे फोटो आणि सामानाची यादी परवा पाहिली. फोटो मी तुझ्या मामीलाही दाखवले. मागच्या सीटवरचा तो फाटलेला कोपरा पाहून ती गप्प झाली. तिथं बसून ती पहिल्यांदा या घरात आली होती. यादी मात्र मी एकट्यानेच वाचली, दोनदा. दहा इंची टचस्क्रीन, दोन बकेट सीट, चामड्याचं छोटं स्टिअरिंग, एसी, पायांखाली निळे दिवे, मागचा कॅमेरा. आणि खाली तू लिहिलंयस, 'मामा, सगळं घरीच करणार, काही चुकत असेल तर सांग.'

म्हणून सविस्तर लिहितो. फोनवर हे सांगता येणार नाही.

आधी एक गोष्ट मान्य करतो. जुन्या गाडीत काहीच बदलू नये, असं मी म्हणत नाही. गाडी शेडमध्ये झाकून ठेवायची नसेल, चालवायची असेल, तर बसणाऱ्याची सोय बघावीच लागते. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी आठव. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सी म्हणून रस्त्यावर दिसेनाशा झाल्या. पण त्या चालत होत्या तोवर एकाही टॅक्सीचं आतलं अंग कारखान्यातून आलं तसं राहिलं नव्हतं. छताला फुलाफुलांचं रेक्झिन, आरशाला झालर, देवापुढे लाल दिवा. त्या माणसांनी दिवसाचे बारा तास तिथं काढले आणि ती जागा आपलीशी केली. तूही कर. माझं म्हणणं एवढंच, की जे करशील ते परत काढता आलं पाहिजे, आणि काढल्यावर खाली आप्पांची गाडी जशीच्या तशी सापडली पाहिजे.

हे मी का म्हणतो ते सांगतो. १९८९ साली माझ्याकडे एक डॉक्टर त्यांची डुक्कर फियाट घेऊन आले. त्यांना कॅसेट प्लेयर हवा होता. मी डॅशबोर्डच्या पत्र्यात १८० बाय ५० मिलिमीटरचा चौकोन कापला, प्लेयर बसवला, कडेला काळी फ्रेम लावली. काम सुबक झालं होतं, डॉक्टर खूश होऊन गेले. वीस वर्षांनी त्यांचा मुलगा तीच गाडी घेऊन आला. प्लेयर कधीच भंगारात गेला होता, उरलं होतं ते भोक. त्याला गाडी वडिलांच्या वेळेसारखी करायची होती. आम्ही चोर बाजार पालथा घातला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरलो, पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारात विचारलं. तो डॅशबोर्ड मिळाला नाही. शेवटी मी पत्र्याचा तुकडा वेल्डिंगने बसवला. उष्णतेने पातळ पत्रा लहरला, तो ठोकून, पुट्टी भरून सरळ केला. लांबून कळत नाही. पण सकाळचं ऊन तिरपं पडलं की तो चौकोन दिसतो. तो मी कापलेला आहे, आणि ते मला आजही सलतं.

तुझी दहा इंची स्क्रीन तर त्याहून मोठी. ती ज्या चौकटीत बसते ती १८० बाय १०० मिलिमीटरची, म्हणजे दुप्पट. फियाट ११०० डिलाइटच्या त्या रंगवलेल्या पत्र्यात एवढी जागा कापलीस, तर उरलेल्या डॅशबोर्डला जीव राहणार नाही. आणि पाच-सहा वर्षांत ती स्क्रीन जुनी होईल, मग पुन्हा नवी, पुन्हा वेगळ्या मापाची. डॅशबोर्ड मात्र एकच आहे. रस्ता बघायला तुझा मोबाइल पुरे. त्याला पकडीचा स्टँड लाव, स्क्रू मारू नकोस. गाण्यांसाठी एक छोटा ब्लूटूथ ॲम्प्लिफायर ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा सीटखाली पट्ट्याने बांध. स्पीकर दारात कापून बसवण्याऐवजी मागच्या काचेखालच्या फळीवर प्लायची पेटी करून ठेव. फळी काढून ठेवली की तिची मापं मिळतील. आप्पांचा रेडिओ बंद असला तरी जागेवरच राहू दे.

आता विजेचं बोलू, कारण खरा धोका तिथं आहे आणि तुझ्या यादीत तिचा उल्लेखच नाही.

आपल्या गाडीला अल्टरनेटर नाही, डायनामो आहे. तो भर वेगात फार तर वीस अँपिअरच्या आसपास देतो, आणि गाडी सिग्नलला उभी असली की जवळजवळ काहीच देत नाही. तेव्हा सगळा भार बॅटरीवर येतो. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर निघतात, हे तू शाळेत शिकला आहेस. मग हिशेब कर. पंचेचाळीस वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे साडेसात अँपिअर. मागचे आणि डॅशचे दिवे दोन. वायपर दोन-तीन. इग्निशन तीन-चार. ब्रेकवर पाय ठेवलास की आणखी साडेतीन. पावसाळ्यात संध्याकाळी सातला तू कर्वे रोडवर अडकला आहेस असं समज. तेव्हा डायनामोची सगळी कमाई नव्या वस्तूंच्या आधीच संपलेली असते. त्यात दहा अँपिअरचा फ्यूज मागणारी म्युझिक सिस्टीम, एसीचा पंखा आणि निळे दिवे घातलेस, तर घरी ढकलत यावं लागेल.

हा बदल मात्र मी स्वतः सुचवतो: अल्टरनेटर बसव. पट्ट्याची रेषा जुळवून एक ब्रॅकेट करावी लागते. ती मूळच्याच बोल्टवर बसते, गाडीचं काही कापावं लागत नाही. डायनामो आणि त्याचा कटआउट तेल लावून, कागदात गुंडाळून, तारीख घालून माळ्यावर ठेव. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर मात्र नवी आणि जाड घे. जुन्या वायरीतून चाळीस अँपिअर सोडलेस तर ती डॅशबोर्डमागे तापेल आणि तुला कळणारही नाही.

साठ वर्षांच्या वायरीचं वरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. ते हाताने वाकवून बघ, कटकन मोडलं तर नव्या वस्तू बाजूला ठेव आणि आधी पूर्ण वायरिंग बदल. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह केबल पहिल्यांदा काढ. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांध, फोटो काढ. नव्या वस्तूंसाठी जुन्या वायरीला टोचून जोड काढू नकोस. बॅटरीपासून एक स्वतंत्र वायर आण, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत तिला फ्यूज लाव, आणि तिथून रिलेमार्फत एक छोटी वेगळी फ्यूजपेटी कर. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, वस्तू वाचवण्यासाठी नाही, म्हणून तो वायरीच्या जाडीवरून ठरव. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्यापैकी एकाची गाडी खंबाटकीत पेटताना मी पाहिली, रस्त्याच्या कडेला त्याची बायको मुलाला उराशी धरून उभी होती. इंजिनकडून आत येणारी वायर पत्र्याच्या भोकातून जाते, तिथं रबरी ग्रोमेट हवाच. पत्र्याची धार वर्षभरात वायर कापते.

आणि एक बारीक गोष्ट. साइड दाखवणाऱ्या दिव्यांना एलईडी बल्ब लावलेस तर ते नीट लुकलुकणार नाहीत. जुना फ्लॅशर बल्बच्या करंटने तापून उघडझाप करतो, आणि एलईडीने तो तापतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घे, शंभर-दोनशे रुपयांत काम होतं.

सीटबद्दल तुझ्याशी भांडायची माझी तयारी आहे. पुढचं सीट सलग आहे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. या दोन गोष्टी एकमेकींसाठी केलेल्या आहेत. बकेट सीट बसवलीस की मधली जागा गेली, आणि आरसी बुकात लिहिलेली आसनसंख्या गाडीतल्या आसनांशी जुळेना झाली. शिवाय ती पातळ पत्र्यावर चार नव्या बोल्टांनी अडकवणार. जोराचा धक्का बसला तर सीट आपल्यासह पत्रा उचकटून पुढे येतं. त्यापेक्षा मूळच्या सांगाड्यावर काम कर. आतला काथ्या कुजला असेल, गोणपाट फाटलं असेल, स्प्रिंगा बसल्या असतील. तुटलेल्या स्प्रिंगा बदल, वर नवं जाड कापड, त्यावर चाळीस घनतेचा फोम. पण उंची मूळच्यापेक्षा बोटभरही वाढू देऊ नकोस, नाहीतर मांड्या स्टिअरिंगला घासतील. जुनं कव्हर उसवून फेकू नकोस, शिवणकाम करणाऱ्याला तोच नमुना लागेल. त्याच्या उभ्या नळ्यांचं अंतर मोजून घे.

छताचं अस्तर काढताना आतल्या तारेच्या कमानींना पुढून मागे क्रमांकाच्या पट्ट्या चिकटव. त्या एका मापाच्या नसतात. वर फोम डकवून टाकायचा सल्ला तुला कोणी देईल. एप्रिलच्या उन्हात तो डोक्यावर लोंबेल.

गालिचा घालण्याआधी खालचं रबर उचलून जमीन बघ. पत्रा सडलेला असेल तर तो आधी कापून नवा घाल, गंजरोधक रंग दे, वाळू दे. आवाज कमी करायच्या चिकट शीटा सगळीकडे लावायची गरज नसते. मोठ्या पत्र्याच्या मधोमध साधारण पाव भागावर लावल्या तरी थरथर थांबते. दारांच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती मात्र बुजवू नकोस. आपल्याकडच्या पावसात दारं आतूनच सडतात.

छोटं स्टिअरिंग नको. आपल्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. चाक मोठं आहे म्हणून तर उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळतं. एसीही नको. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास. त्यातली काही कॉम्प्रेसर खाणार, आणि चढावर रेडिएटर उकळणार. पुढच्या दारांना त्रिकोणी काच आहे ती कशासाठी? उलटी वळव, वारा थेट छातीवर येतो. तिचं रबर मी पाठवतो, माझ्याकडे जोडी आहे.

आता जे तुझ्या यादीत नव्हतं आणि जे सर्वांत आधी हवं, ते म्हणजे सीटबेल्ट. १९६७ च्या या गाडीत ते नाहीत. आप्पांनी आयुष्यभर त्यांच्याशिवाय चालवली, पण तेव्हाच्या रस्त्यांवर ताशी शंभरने अंगावर येणाऱ्या गाड्या नव्हत्या. पत्र्याला भोक पाडू नको म्हणणारा मी इथं भोक पाडायला सांगतो. तीन टोकांचा बेल्ट घे. वरचं टोक मधल्या खांबाला, खालची दोन जमिनीला. प्रत्येक ठिकाणी मागून तळहाताएवढी, तीन मिलिमीटर जाड पट्टी हवी आणि साडेतीन सुती, म्हणजे ७/१६ इंची हाय टेन्साइल बोल्ट हवा. खांबातली पट्टी वेल्डिंगने बसवावी लागते, ते तू घरी करू नकोस. चांगल्या वेल्डरकडे गाडी ने, मी हवा असेन तर सांग.

आणि बेल्ट लावलेस, सीट मऊ झालं, गाणी लागली, म्हणून गाडी नवी झाली असं समजू नकोस. चारही चाकांना ड्रमच आहेत, ब्रेकला बूस्टर नाही. पुढच्या गाडीपासूनचं अंतर आप्पा ठेवायचे तेवढंच ठेव.

कागदपत्रांचंही पाहून ठेव. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए'चा नंबर मिळतो. त्यासाठी चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा लागतो. मात्र असा नंबर घेतला की गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. तुला रोज फिरवायची असेल तर साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवत राहा. आज ठरवायची घाई नाही, पण उद्या तुझ्या मुलीला तो नंबर घ्यावासा वाटला, तर आजच्या कापाकापीमुळे तिची वाट बंद होऊ नये.

आप्पांनी ही गाडी १९७४ साली सेकंड हँड घेतली. नवीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, आणि तेवढा धीर त्यांना नव्हता. घेतल्याच्या दिवशी त्यांनी एक वही सुरू केली: तेल कधी बदललं, कोणता बोल्ट कुठून आणला, किती पैसे दिले. ती वही माझ्याकडे आहे. शेवटची नोंद त्यांच्याच अक्षरात आहे, 'डाव्या दाराची बिजागरी, ग्रीस.' त्यापुढची पानं कोरी आहेत.

दिवाळीला येतो तेव्हा ती वही घेऊन येईन. तोवर सीट उसव, जमीन तपास, वायरींना चिठ्ठ्या बांध. डॅशबोर्डला मात्र मी येईपर्यंत करवत लावू नकोस.

तुझा,
मामा