परसातील कोंबड्या आणि जंताचे औषध : पारख, माप आणि मुदत

आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) शिंपी, पिंजारी, आतार, तांबोळी, बागवान अशा अनेक घरांच्या परसात दहा-वीस कोंबड्या असतात. धंदा पुरुषाचा आणि कोंबड्या घरच्या बाईच्या, ही वाटणी जुनी आहे. बाजार मंदा असतो तेव्हा अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या आणि आठवड्याचा किराणा निघतो. म्हणून व्यापाराच्या या पानाला कोंबडीचा विषय परका नाही. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत. माल पारखावा, बरोबर मापावा आणि त्यात ऐब असेल तर गिऱ्हाइकाला सांगावा, हे तीन नियम आम्ही पेढीवर शिकलो. जंताच्या औषधालाही हेच तीन नियम लागू पडतात.

जंताचे नुकसान हळूहळू होते, म्हणून ते लक्षात येत नाही. कोंबडी दाणे खाते पण अंगी लागत नाही. तुरा फिका पडतो, छातीचे हाड हाताला लागते, शीट पातळ होते, अंडी कमी होतात. दाणे मात्र तेवढेच खर्च होतात. जमेची बाजू घटली आणि खर्च तोच राहिला, तर त्या धंद्याचे काय होते हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

पहिली गोष्ट : पारख

पोटातले सगळे जंत एक जातीचे नसतात. आपल्याला मुख्यतः चार प्रकार ओळखायचे आहेत. पहिला, लहान आतड्यातील मोठा गोल जंत. तो पांढरट असून चार-साडेचार इंचांपर्यंत वाढतो आणि पुष्कळ झाले तर आतडे तुंबवतो. दुसरा, आतड्याच्या शेवटच्या आंधळ्या पिशव्यांत राहणारा बारीक जंत, जेमतेम अर्ध्या इंचाचा. तिसरा केसासारखा जंत, जो साध्या डोळ्यांना सहज दिसत नाही. चौथा चपटा पट्टकृमी. त्याचे तुकडे शिटेत तांदळाच्या दाण्यांसारखे दिसतात.

बाजारात मिळणारे प्रत्येक औषध या चौघांवर चालत नाही. पिपरॅझिन स्वस्त आहे आणि पाण्यात विरघळते, पण ते फक्त मोठ्या गोल जंतावर भरवशाचे आहे. लेव्हामिसोल गोल जंत आणि बारीक जंत या दोन्हींवर चालते, पट्टकृमीवर नाही. अल्बेंडॅझोल आणि फेनबेंडॅझोल यांचा पल्ला मोठा आहे, केसासारख्या जंतावरही ती उपयोगी पडतात. पट्टकृमीसाठी खास औषध म्हणजे प्राझिक्वांटेल. शिटेत तांदळासारखे तुकडे दिसत असताना पिपरॅझिन पाजत राहिले, तर पैसे गेले आणि जंतही राहिले.

म्हणून औषध घेण्याआधी शीट तपासून घ्यावी. सकाळची ताजी शीट चार-पाच कोंबड्यांची थोडी थोडी घेऊन स्वच्छ डबीत घालावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात आणि जातही कळते. जेथे ही सोय नसेल तेथील डॉक्टर नमुना कोठे पाठवायचा ते सांगतात. पुण्याला औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेसाठी फोन करता येतो.

येथे एक सावधगिरी बाळगावी. एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या, माना वाकड्या झाल्या, हिरवी हगवण लागली, तर तो राणीखेत, म्हणजे मानमोडी असू शकतो. शिटेत रक्त दिसले तर रक्ती हगवणीचा संशय घ्यावा. या दोन्हींवर जंताचे औषध काहीच काम करत नाही, उलट मोलाचा वेळ जातो. अशा वेळी थेट डॉक्टरांकडे जावे.

दुसरी गोष्ट : माप

औषध कोंबडीच्या वजनावर ठरते. अंदाजाने एक चमचा, एक झाकण, ही मापे नव्हेत. कापड हाताने मोजणारा दुकानदार आता कोठे उरला आहे? पण औषधाच्या बाबतीत ती रीत अजून चालू आहे.

हिशेब असा करावा. अल्बेंडॅझोलची मात्रा कोंबडीला साधारणपणे दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम धरतात. दीड किलोच्या कोंबडीला १५ मिलिग्रॅम लागेल. बाटलीवर २.५ टक्के लिहिले असेल तर एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे त्या कोंबडीला ०.६ मिलिलिटर पुरे. अशा बारा कोंबड्यांचे वजन १८ किलो, त्यांना १८० मिलिग्रॅम, म्हणजे ७.२ मिलिलिटर लागेल. बाटली १० टक्क्यांची निघाली आणि माप तेच ठेवले, तर मात्रा चौपट होईल. म्हणून बाटलीच्या नावापेक्षा तिच्यावरची टक्केवारी आधी वाचावी आणि मात्रा डॉक्टरांकडून पक्की करून घ्यावी.

अल्बेंडॅझोलचे पातळ औषध पाण्यात विरघळत नाही, ते तळाशी बसते. पाण्याच्या भांड्यात टाकले तर आधी पिणारीला कमी आणि शेवटच्या कोंबडीला जास्त जाते. म्हणून बिनसुईच्या सिरिंजने एकेकीच्या चोचीत हळूहळू द्यावे, किंवा सकाळी भुकेल्या कोंबड्यांना थोड्याशा ओल्या भरड्यात नीट कालवून द्यावे. पाण्यातून देण्याचे औषध दोन तास पाणी बंद ठेवून मग द्यावे, आणि सगळ्यांना तोंड घालता येईल अशी दोन-तीन भांडी ठेवावीत.

कमी मात्रा म्हणजे बचत नव्हे. कमी मात्रेत अशक्त जंत मरतात, चिवट जंत उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. अमेरिकेत टर्की पक्ष्यांच्या गोल जंतांवर फेनबेंडॅझोल चालेनासे झाल्याचे संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले. आज ज्या औषधावर आपण विसंबतो, ते आपल्याच हलगर्जीपणाने निकामी होऊ शकते.

तंबाखूचे पाणी पाजण्याचा जुना उपाय अजून सांगितला जातो. तंबाखूतील निकोटिन हे विष आहे. जंत मारणारी मात्रा आणि कोंबडी मारणारी मात्रा यांत फार थोडे अंतर आहे. हा उपाय करू नये.

तिसरी गोष्ट : मुदत

औषध दिल्यावर त्याचा अंश काही दिवस अंड्यात आणि मांसात राहतो. त्या काळात अंडी विकायची नाहीत आणि कोंबडी कापायची नाही. २०१२ साली औषध नियमांत दुरुस्ती होऊन, खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांच्या औषधावर ही मुदत छापणे बंधनकारक झाले. त्या औषधाची मुदत ठरलेली नसेल, तर अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि कोंबडीच्या मांसासाठी किमान २८ दिवस धरावे, असा नियम आहे. शेळ्या-मेंढ्यांसाठीची बाटली आणली असेल, तर तिच्यावरची मुदत कोंबडीची नसते. तेव्हा मुदत डॉक्टरांना विचारावी आणि ती याहून कमी धरू नये.

खरी कसोटी येथे लागते. समजा, आठवड्यात तीस अंडी होतात आणि अंडे दहा रुपयांना जाते, तर तीनशे रुपये सोडावे लागतात. अंड्याकडे पाहून कोणाला काही कळत नाही. पण थानाच्या आतल्या घडीतला डाग गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून तो डाग नाही असे होत नाही. ऐब झाकून माल विकू नये, हा आपल्या बाजाराचा जुना दस्तूर आहे. ही अंडी अनेकदा आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि लहान मुलांना गावरान म्हणून मुद्दाम दिली जातात. मुदतीतील अंडी विकू नयेत, घरीही खाऊ नयेत, पुरून टाकावीत. चिकनचे दुकान चालवणाऱ्या बंधूंनीही परसातील कोंबडी घेताना, औषध कधी पाजले, हा प्रश्न जरूर विचारावा.

नुकसान टाळण्याची वाट आहे. औषध अशा वेळी द्यावे, जेव्हा अंडी नसतातच. तलंगा अंड्यावर येण्यापूर्वी एकदा जंताचे औषध द्यावे. कोंबड्या पिसे गाळू लागल्या आणि अंडी थांबली, की तीही संधी असते. पिलांना आठव्या आठवड्याच्या सुमारास राणीखेतची लस टोचतात. तिच्या आठवडाभर आधी जंताचे औषध दिले, तर लस चांगली लागू पडते. औषधाची तारीख, नाव, मात्रा आणि मुदत संपण्याचा दिवस वहीत लिहून ठेवावा. उधारीची वही ठेवतो, तशी ही.

जमीन स्वच्छ नसेल तर

शिटेतून पडलेले गोल जंताचे अंडे उबदार ओल्या जागेत साधारण दोन आठवड्यांत पुन्हा रोग देण्याजोगे होते. पोटात गेल्यावर पाच ते आठ आठवड्यांत तो जंत स्वतः अंडी घालू लागतो. पट्टकृमी मुंग्या, माश्या आणि शेणकिड्यांमार्फत पसरतो. म्हणून नुसते औषध देऊन खुराडे तसेच ठेवले, तर दोन महिन्यांत पहिलेच पाढे पंचावन्न.

खुराड्याची शीट रोज काढावी. भुसा कोरडा ठेवावा, ओला झाला की बदलावा. पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे, म्हणजे त्यात शीट पडत नाही. पिले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत. भंडारदऱ्याकडील अकोले भागात पाऊस फार, तेथे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर शीट तपासावी. पाथर्डी, जामखेडकडे पाऊस कमी आहे, पण मोरीच्या सांडपाण्याची ओल तेथेही जंताला पुरते.

आमची विनंती एवढीच, की पुढच्या वेळी दुकानात जाऊन “जंताची बाटली द्या” म्हणण्यापूर्वी एक डबी शीट दवाखान्यात न्यावी, कोंबड्यांचे वजन करावे आणि वहीत मुदत लिहावी. असे केल्यास औषधाचा पैसा वाया जात नाही, आणि आपल्या घरचे अंडे कोणाच्याही ताटात निःशंक मनाने देता येते.