शाळेची पायरी

अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात ब्रुकलिन नावाचा एक गजबजलेला भाग आहे. सुमारे सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट. तेथील एका घरात सकाळपासून लगबग चालली होती. घरातील थोरली मुलगी ज्यूडी पाच वर्षांची झाली होती आणि आज ती प्रथमच शाळेत जावयाची होती. आईने तिला ठेवणीतला झगा घातला, केस नीट विंचरले आणि तिची चाकांची खुर्ची ढकलीत ती शाळेकडे निघाली. ज्यूडीच्या मनात आनंद मावत नव्हता. शेजारची सारी मुले ज्या शाळेत जातात, तेथे आता आपणही जाणार!

शाळेच्या दाराशी पायऱ्या होत्या. आईने खुर्ची पाठमोरी वळवली आणि एकेक पायरी करीत ती वर ओढून नेली. परंतु आत गेल्यावर मुख्याध्यापकांनी त्या दोघींकडे पाहिले आणि ज्यूडीला प्रवेश देता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. कारण काय, तर चाकांच्या खुर्चीमुळे आगीच्या वेळी धोका उत्पन्न होईल! आईने परोपरीने समजावून पाहिले; पण मुख्याध्यापक आपल्या म्हणण्यापासून ढळले नाहीत. अखेर ज्या पायऱ्या मोठ्या उमेदीने चढल्या होत्या, त्याच पायऱ्या दोघींना उतराव्या लागल्या.

ज्यूडीचे पूर्ण नाव ज्युडिथ ह्यूमन. तिचा जन्म 1947 साली झाला. ती दीड वर्षाची असताना, 1949 मध्ये, तिला पोलिओ झाला. या रोगाचे विषाणू मज्जातंतूंवर घाला घालतात आणि स्नायूंतील शक्ती हरपते. पोलिओची लस पुढे 1955 साली अमेरिकेत वापरात आली. ज्यूडीच्या बालपणी मात्र अशी लस नव्हती. ज्यूडी त्या आजारातून वाचली, पण तिचे पाय कायमचे लुळे पडले आणि हातांतही पुरेसे बळ राहिले नाही. बुद्धी मात्र तल्लख होती आणि जिभेला तर विसावाच नव्हता!

ती लहान असतानाच एका डॉक्टरांनी तिच्या आईवडिलांना सल्ला दिला होता, की या मुलीला अपंगांच्या एखाद्या संस्थेत ठेवून द्यावे. आईवडिलांनी तो मुळीच मानला नाही. त्याला कारणही तसेच होते. ज्यूडीची आई इल्झाबाई आणि वडील वेर्नर हे दोघेही जर्मनीत जन्मलेले ज्यू होते. नाझी राजवटीच्या छळामुळे लहान वयातच त्यांना आपला देश सोडून अमेरिकेत यावे लागले. मागे राहिलेले त्यांचे आईवडील पुढे त्या राजवटीच्या क्रौर्याला बळी पडले. काही माणसांना ‘वेगळी’ ठरवून बाजूला काढले, म्हणजे त्याचा शेवट कोठे होतो, हे त्या दोघांना पुरते ठाऊक होते. आपली मुलगी चारचौघांतच वाढेल, असा त्यांचा निर्धार होता.

त्यामुळे शाळेने नकार दिला, तरी इल्झाबाई हात जोडून घरी बसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या एका शाळेत चौकशी केली. ती ज्यू मुलांची शाळा होती. ज्यूडीला हिब्रू भाषा पुरेशी येत असेल, तर तिला घेऊ, असे तेथील मुख्याध्यापक म्हणाले. इल्झाबाईंनी लगेच शिकवणी लावली. उन्हाळ्याच्या सुटीत इतर मुले खेळत होती; ज्यूडी हिब्रूचे धडे गिरवीत होती. सुटी संपली. ज्यूडीची तयारी उत्तम झाली होती. परंतु त्या मुख्याध्यापकांनी आपला शब्द फिरवला. दुसरे दारही बंद झाले.

मग शिक्षण मंडळाने ज्यूडीसाठी घरी एक शिक्षिका पाठवण्याची व्यवस्था केली. त्या बाई आठवड्यातून दोनदा येत. दोन्ही दिवसांचा वेळ मिळून अडीच तास भरत. इतर मुले आठवड्याचे पाच दिवस शाळेत शिकत, खेळत, भांडत आणि पुन्हा मैत्री करीत. ज्यूडीच्या वाट्याला केवळ अडीच तास! वाचनाची तिला गोडी होती. ती पुस्तकांमागून पुस्तके वाची. पण पुस्तक कितीही चांगले असले, तरी ते मधल्या सुटीत आपल्याशी खेळत नाही.

एके दिवशी ज्यूडी मैत्रिणीबरोबर मिठाईच्या दुकानाकडे निघाली होती. वाटेत एका अनोळखी मुलाने तिला विचारले, की तू आजारी आहेस काय? ज्यूडी गोंधळून गेली. ती आजारी नव्हतीच. आपण इतरांना निराळ्या दिसतो, ही गोष्ट त्या क्षणी प्रथमच तिच्या ध्यानात आली. तिला रडू कोसळले. पायांतील दुर्बलतेने तिला तोवर कधी असे रडवले नव्हते. त्या एका प्रश्नाने रडवले.

इकडे इल्झाबाईंचे प्रयत्न चालूच होते. त्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि नकार आला तरी पुन्हा विचारले. अखेर ज्यूडी नऊ वर्षांची असताना तिला शाळा मिळाली. पण ती कशी? एका मोठ्या शाळेच्या तळघरात दिव्यांग मुलांसाठी वेगळे वर्ग भरत. वर सूर्यप्रकाशातील वर्गांत इतर मुले बसत; खाली ही मुले. आठवड्यातून एकदा सभेसाठी सारे एकत्र येत, तेवढीच गाठ. एकाच छपराखाली जणू दोन शाळा होत्या! तरीही ज्यूडीला तेथे जिवाभावाचे सोबती मिळाले. आपल्यासारखी इतरही मुले आहेत, त्यांनाही शिकण्याची तहान आहे, हे तिने पाहिले.

लवकरच नवे संकट उभे राहिले. माध्यमिक शाळांच्या इमारतींत पायऱ्याच पायऱ्या होत्या. म्हणून चाकांच्या खुर्चीवरील मुलांनी तळघरातील वर्ग संपल्यावर पुन्हा घरी बसून शिकावे, अशी शिक्षण मंडळाची रीत होती. इल्झाबाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली. एकटी आई बोलली, तर तिला ‘हट्टी बाई’ म्हणून वाटेला लावता येते. पन्नास जणी बोलल्या, तर उत्तर द्यावे लागते. त्यांनी तळघरातील इतर मुलांच्या आयांना गाठले. साऱ्याजणी पदर खोचून उभ्या राहिल्या. त्यांनी मंडळाकडे आपले म्हणणे मांडले आणि त्याचा नेटाने पाठपुरावा केला. मुलांना शाळेत जाता येत नसेल, तर शाळा बदलली पाहिजे, ही त्यांची साधी मागणी होती. मंडळाला ती मानावी लागली. काही माध्यमिक शाळांत चाकांची खुर्ची जाईल अशी सोय झाली आणि 1961 साली ज्यूडी इतर मुलामुलींच्या बरोबरीने माध्यमिक शाळेच्या वर्गात जाऊन बसली.

शाळा संपताना पदवीदान समारंभात ज्यूडीला एक पारितोषिक मिळावयाचे होते. व्यासपीठाला पायऱ्या होत्या. वडिलांनी तिची खुर्ची वर ओढून नेण्यास सुरुवात केली, तेव्हा शाळेच्या प्रमुखांना ते रुचले नाही. अपमानाने ज्यूडीचे डोळे भरून आले. तिला तेथून निघून जावेसे वाटले. परंतु वडील मागे हटले नाहीत. ज्यूडीने आपले पारितोषिक व्यासपीठावरच घेतले. मुलासाठी बोलावयाचे, ते पाहुण्यांनी भरलेल्या सभागृहातही बोलावयाचे, हा धडा तिला त्या दिवशी मिळाला.

पुढे ज्युडिथ यांनी 1969 मध्ये महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण केले. त्यांना शिक्षिका व्हावयाचे होते. न्यू यॉर्कमध्ये त्यासाठी परवाना लागे. लेखी व तोंडी परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. परीक्षेच्या इमारतीलाही पायऱ्याच होत्या. मित्रांनी त्यांना उचलून वर नेले. वैद्यकीय तपासणीत मात्र, पायांत शक्ती नाही या कारणास्तव, त्यांना नापास करण्यात आले. ज्याचे पाय पोलिओने लुळे पडले होते असे मानण्यात येई, तो फ्रँकलिन रूझवेल्ट 1933 ते 1945 पर्यंत अमेरिकेचा अध्यक्ष होता; आणि त्याच देशात तशाच मुलीला वर्गात फळ्यापुढे बसण्याची मनाई!

आतापर्यंत ज्यूडीसाठी आई बोलत होती. आता ज्युडिथ स्वतः बोलू लागल्या. 1970 साली त्यांनी शिक्षण मंडळावर दावा लावला. वृत्तपत्रांनी ही हकीगत उचलून धरली. खटला कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यापुढे आला. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयात न्यायाधीश झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. दाराबाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मंडळाने आपल्या निर्णयाचा फेरविचार करावा, असे त्यांनी सुचवले. मंडळ नमले आणि ज्युडिथ यांना परवाना मिळाला. मग त्या कोठे शिकवू लागल्या? ज्या शाळेच्या तळघरात त्या शिकल्या होत्या, त्याच शाळेत!

पण आपले काम झाले म्हणून ज्युडिथ स्वस्थ बसल्या नाहीत. अमेरिकेत 1973 साली एक कायदा झाला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने दिव्यांग व्यक्तीला केवळ दिव्यांग म्हणून डावलू नये, असे त्याचे कलम 504 सांगत होते. मात्र त्याचे नियम सहीवाचून तसेच पडून राहिले. तेव्हा 5 एप्रिल 1977 रोजी शंभराहून अधिक माणसे सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी कचेरीत शिरली आणि तेथेच बसून राहिली. कोणी चाकांच्या खुर्चीवर होते, कोणाला दिसत नव्हते, कोणाला ऐकू येत नव्हते. ज्युडिथ त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक होत्या. दूरध्वनी तोडण्यात आले, तेव्हा कर्णबधिर सत्याग्रहींनी खिडकीत उभे राहून हातांच्या खुणांनी बाहेर निरोप पोहोचवले! ज्याला जग उणीव म्हणत होते, तेच त्या दिवशी उपयोगी पडले. 28 एप्रिल रोजी मंत्र्यांनी नियमांवर सही केली.

1993 मध्ये ज्युडिथ ह्यूमन अमेरिकेच्या शिक्षण खात्यात उपमंत्र्याच्या दर्जाच्या पदावर आल्या. देशातील दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कारभार 2001 पर्यंत त्यांच्या हाती होता. पाच वर्षांची असताना जिला शाळेच्या दारातून परत पाठवले होते, तिच्याच टेबलावर आता सर्व शाळांचे अहवाल येऊ लागले. 4 मार्च 2023 रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या देशातही शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मिळाला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 साली झाला. ठरावीक प्रमाणाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिकता यावे, असे तो सांगतो. पण कायदा कागदावर असतो आणि शाळा गावात असते. त्या दोहोंमधील अंतर माणसांनीच तोडावयाचे असते. एखाद्या मुलाची आई नव्या शाळेत येऊन म्हणते, “याला फळ्यावरचे नीट दिसत नाही, पहिल्या बाकावर बसवा,” किंवा “हिला लिहावयास थोडा अधिक वेळ लागतो, तेवढा द्या,” तेव्हा ती दया मागत नसते. मुलाच्या हक्काचे मागत असते.

मूल शाळेत जाऊ लागले, की त्याने शाळेची पायरी चढली असे आपण म्हणतो. काही मुलांसाठी ती पायरी फार उंच असते. इल्झाबाईंनी एका सकाळी एकट्याने खुर्ची ओढून ती चढून पाहिली. त्यांच्या लेकीने ती पायरीच काढून तेथे उतरती वाट बांधावयास लावली. त्या वाटेने पुढे किती मुले आत गेली, याची गणती कोण करणार?

अभ्यास

1. ज्यूडीला पहिल्या शाळेने कोणत्या कारणासाठी प्रवेश नाकारला? ते कारण तुम्हांला पटते का?
2. डॉक्टरांचा सल्ला आईवडिलांनी का मानला नाही?
3. ‘एकाच छपराखाली जणू दोन शाळा होत्या’ या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत सांगा.
4. माध्यमिक शाळेतील प्रवेशासाठी इल्झाबाईंनी कोणता मार्ग अवलंबला? तो यशस्वी का झाला?
5. पुढील वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत योजा : उंबरठे झिजवणे, शब्द फिरवणे, पदर खोचणे, उचलून धरणे.
6. आपली शाळा दारापासून वर्गापर्यंत नीट पाहा. चाकांच्या खुर्चीवरील किंवा न दिसणाऱ्या मुलाला कोठे अडचण येईल? ती दूर करण्यासाठी मुख्याध्यापकांना एक विनंतिपत्र लिहा.