मांस-दूध सोडले म्हणून पौरुष जाते काय?

एखाद्या तरुण मुलाने घरात जाहीर करावे, 'आजपासून मटण-अंडी बंद, दूध-तूपही बंद', की लगेच चिंता सुरू होते. आजी म्हणते, 'अरे, अंगात रक्त कसं राहील?' मित्र थट्टा करतात, 'आता तालमीत काय करणार?' लग्न ठरायचे असेल तर कुजबुज आणखी वाढते. या साऱ्या बोलण्याच्या मुळाशी एकच समजूत असते. पुरुषाची ताकद मांसातून, नाहीतर निदान दुधातुपातून येते, ही ती समजूत. ती कितपत खरी आहे आणि अशा आहारात खरा धोका कोठे आहे, हे आज पाहू.

'व्हीगन' म्हणजे काय?

आपल्याकडील शाकाहारात दूध, दही, ताक, तूप चालते. व्हीगन आहारात प्राण्यापासून मिळणारा कोणताच पदार्थ चालत नाही, मधसुद्धा नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. कोणी प्राण्यांवरील दयेपोटी हा आहार घेतो, कोणी कोलेस्टेरॉल कमी व्हावे म्हणून. कारण काहीही असो, शरीराचे नियम सर्वांना सारखेच.

पौरुषाचे संप्रेरक

दाढी-मिशा, भारदस्त आवाज, स्नायूंची वाढ आणि कामेच्छा ही टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची कामे. ते वृषणांत तयार होते. त्यासाठी लागणारे कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते, बाहेरून मांस खावे लागत नाही. ब्रिटनमधील सुमारे सातशे पुरुषांचे रक्त तपासून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हीगन पुरुषांमध्ये हे संप्रेरक मांसाहारी पुरुषांपेक्षा कमी आढळले नाही.

सोयाबीनमुळे पुरुष बायकी होतो, हाही असाच एक समज. सोयाबीनमध्ये स्त्री-संप्रेरकाशी साम्य असलेले घटक असतात हे खरे, पण त्यांचा परिणाम अगदी सौम्य असतो. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष २०२१ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये फरक दिसला नाही. अर्थात कोणत्याही पदार्थाचा अतिरेक वाईटच.

ताकदीचे म्हणाल तर, अमेरिकेचा धावपटू कार्ल लुईस याने १९९० साली व्हीगन आहार सुरू केला आणि १९९१ साली टोकियो येथे १०० मीटर अंतर ९.८६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. एका खेळाडूवरून सर्वांना नियम लावता येत नाही. पण मांसाशिवाय ताकद अशक्य, हे म्हणणे टिकत नाही. पैलवानाचा खुराक सर्वांना दिसतो. त्याच्या रोजच्या जोर-बैठका मात्र आपण विसरतो.

प्रथिनांचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे ३० ग्रॅम, ६० ग्रॅम तूरडाळीतून १३, ३० ग्रॅम मटकीतून ६ आणि ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. (वजने कोरड्या धान्याची आहेत.) बेरीज ५६ होते. धान्यातील प्रथिनांत जे कमी असते ते डाळी-कडधान्ये भरून काढतात, म्हणून दोन्ही हवीत. नुसत्या भात-बटाट्यावर हा हिशेब जुळणार नाही.

खरा धोका : ब-१२

वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही असे एक जीवनसत्त्व आहे, ते म्हणजे ब-१२. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते मांस, मासे, अंडी व दुधातून मिळते. आंबवलेल्या इडली-डोशावर त्यासाठी विसंबता येत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळले. म्हणजे दूध घेणाऱ्या आपल्या समाजातही साठा आधीच तोकडा आहे. त्यात दूधही बंद केले आणि पर्याय घेतला नाही, तर उरलेला साठा हळूहळू संपत जातो. यकृतातील साठा काही काळ पुरतो, म्हणून पहिली एक-दोन वर्षे काहीच जाणवत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो.

पुढील लक्षणे दिसल्यास दुर्लक्ष करू नये :

- तळपायांत मुंग्या, बधिरपणा
- अंधारात चालताना तोल जाणे
- जीभ लाल, गुळगुळीत होणे
- सतत थकवा, धाप, विसराळूपणा

हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून ब-१२ ही ठीक असेल असे धरू नये. पालेभाज्यांतील फोलेटमुळे रक्त बरे दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतून चालू राहते. वेळीच उपचार झाले तर बहुतेक त्रास कमी होतो. फार उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

येथेच मर्दानगीची खोटी कल्पना घातक ठरते. 'एवढ्या-तेवढ्यासाठी डॉक्टरकडे कशाला?' म्हणून पुरुष वर्षानुवर्षे अंगावर काढतो. दुसरीकडे दंड फुगवण्यासाठी कोणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉइडची इंजेक्शने घेतो. या इंजेक्शनांनी वृषणे आकसतात व शुक्रजंतू घटतात. पौरुषाच्या मागे लागून पौरुषच गमावण्याचा हा प्रकार.

काय करावे?

१. दूध-मांस सोडण्यापूर्वी ब-१२ ची रक्ततपासणी करावी. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी नियमित घ्यावी. ती आयुष्यभर घ्यावी लागते.
२. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी अधिक दक्ष राहावे, कारण या औषधानेही ब-१२ घटते.
३. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, शेवग्याची पाने घ्यावीत. सकाळी थोडा वेळ उन्हात फिरावे.
४. कडधान्ये भिजवून, मोड आणून खावीत. त्यातील लोह व जस्त अंगी लागते. जस्त शुक्रजंतूंसाठी आवश्यक आहे. जेवणात लिंबू पिळावे.
५. जवसाची चटणी रोज चमचाभर खावी.
६. व्यायाम चुकवू नये. तंबाखू व बिडी-सिगारेट सोडावी. रक्तवाहिन्या बिघडवून त्या पुरुषाचे जितके नुकसान करतात, तितके नुकसान मटण सोडल्याने होत नाही.

कोणी काय खावे हा ज्याच्या त्याच्या विचाराचा प्रश्न आहे. मटण खाणाऱ्याने न खाणाऱ्याला नामर्द ठरवू नये आणि न खाणाऱ्याने केवळ निश्चयाच्या जोरावर ब-१२ ची गोळी टाळू नये.