कामाच्या जागीं बंदूक: मालकाचा अधिकार व त्याचें ओझें

वाचकहो, एखाद्या मळेवाल्यानें आपल्या गड्यांस सांगितलें कीं, "माझ्या मळ्यांत बंदूक आणूं नका," तर आपणांस त्याचें नवल वाटणार नाहीं. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्यावांचून बंदूक बाळगतांच येत नाहीं. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हाच प्रश्न कोर्टापर्यंत गेला. तो नीट समजून घेतल्यास अधिकार व जबाबदारी यांचा संबंध आपल्या ध्यानांत येईल.

१. वाद कसा उत्पन्न झाला. त्या देशाच्या राज्यघटनेस १७९१ सालीं जोडलेल्या दुसऱ्या दुरुस्तीनें लोकांचा शस्त्रें बाळगण्याचा हक्क राखिला आहे. परंतु ही दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खासगी मालकाचे नव्हे. म्हणून पुष्कळ कारखानदारांनीं आपल्या आवारांत बंदूक आणण्यास मनाई केली. २००२ सालीं ओक्लाहोमा संस्थानांतील व्हॅलियंट येथील कागदाच्या गिरणीच्या आवारांत कामगारांच्या मोटारी तपासल्या गेल्या. ज्यांच्या मोटारींत बंदुका सांपडल्या त्यांस कामावरून काढण्यांत आलें. पुढें २००४ सालीं त्या संस्थानानें कायदा केला कीं, कुलूप लावलेल्या मोटारींत बंदूक ठेवण्यास मालकानें मनाई करूं नये. मालकवर्ग कोर्टांत गेला. २००७ सालीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला. २००९ सालीं वरिष्ठ कोर्टानें तो फिरवून कायदा कायम केला. फ्लॉरिडा संस्थानानेंही २००८ सालीं अशाच प्रकारचा कायदा केला.

२. कामगाराची बाजू. रात्रपाळी संपवून निर्जन रस्त्यानें एकटीच घरीं जाणारी बाई म्हणेल, "बंदूक मोटारींतही ठेवूं दिली नाहीं, तर मी सबंध वाटेंत निराधार होतें." मालकाचा हुकूम असा त्याच्या कुंपणाबाहेर पोंचतो. शिवाय मनाई म्हणजे भिंत नव्हे. १९८६ सालीं ओक्लाहोमांतीलच एडमंड गांवच्या टपालकचेरींत तेथल्याच एका नोकरानें आपल्या १४ सोबत्यांस गोळ्या घालून ठार केलें व शेवटीं स्वतःचाही जीव घेतला. तेथें बंदूक आणण्यास मनाई होतीच.

३. मालकाची बाजू. १९७० च्या कायद्यानें अमेरिकेंतील मालकांवर असें बंधन घातलें कीं, कामाची जागा प्राणघातक धोक्यांपासून मुक्त ठेवावी. ज्याला जाब द्यावयाचा, त्याच्या हातीं उपायही असला पाहिजे. कामावर बोलाचाली होतात, दंड होतो, नोकरी जाते. अशा वेळीं हात रिकामा असला तर राग शब्दांत विरतो. हातांत बंदूक असली तर एका क्षणाचा राग कित्येक घरें उघडीं पाडतो. नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील एक पाहणी २००५ सालीं प्रसिद्ध झाली. बंदुकीस मोकळीक असलेल्या जागीं कामगाराचा खून होण्याचा संभव, मनाई असलेल्या जागांपेक्षां सुमारें पांचपट अधिक दिसला. मुळांत धोक्याच्या जागींच अशी मोकळीक देत असतील, असा आक्षेप कोणी घेईल. तथापि बंदुकीनें ती जागा निर्भय झाली, असें त्यावरून मुळींच दिसत नाहीं.

४. निर्णय. कारखान्याच्या आंत मनाई करण्याचा अधिकार मालकास असावा, हें आम्हांस योग्य वाटतें. मोटारीचा प्रश्न अवघड आहे. तेथेंही मनाई करावयाची असेल, तर फाटकापाशीं बंदूक ठेवण्यास कुलपाची पेटी, वाटेवर उजेड, रात्रपाळीच्या बायकांस घरीं पोंचविण्याची सोय आणि धमकीची तक्रार ऐकून घेणारा माणूस, इतकें तरी मालकानें पुरवावें. दुसऱ्याच्या हातचें संरक्षण जो काढून घेतो, त्यानें तें आपल्या शिरावर घेतलें पाहिजे. नुसती पाटी लावून तो मोकळा होत नाहीं.

विचारासाठीं प्रश्न: (१) एडमंड येथें मनाई निष्फळ ठरली, एवढ्यावरून मनाई निरुपयोगी म्हणतां येईल काय? (२) मालकाचा हुकूम कोठें संपावा: कारखान्याच्या दाराशीं, कीं आवाराच्या फाटकाशीं? (३) आपण आपल्या हाताखालच्या माणसांस ज्या गोष्टींची मनाई करितों, त्यांच्या बदल्यांत त्यांस काय देतों?